तिसऱ्या माळ्यावरची भुई

रंगूनचं इचारता का मास्तर? इचारा, सारेच इचारतात. जहाज केवढं होतं जी, उलट्या झाल्या का, तिथलं सोन्याचं देऊळ खरंच सोन्याचं आहे का. घर कसं होतं हे कोनी इचारत नाई, अन् मले सांगायचं असते ते घराचंच. लिहून घेता त घ्या, पन मी जशी बोलते तशीच बोलन, मधात थांबवू नका, थांबवलं का मी भलतंच सांगत बसते.

माहेर माहं नागझिऱ्याच्या जंगलाच्या काठावर. बाप दुसऱ्याच्या धानाच्या बांध्या कसे, धान रोवे, अन् आमी बहिनी मोहफुलं वेचत मोठ्या झालो. लग्न होऊन आली ते इथं, कोहमाऱ्यापासून दोन कोसावर, ह्याच घरात, तुमी बसला ना त्याच पुढच्या सपरीत माहं माप ओलांडनं झालं. तेव्हा घर असंच होतं. मातीच्या भिंती, वर कवेलू, समोर आंगन, मागं सांदवाडी, तिथं वांगे-वाल, बाजूले गायीचा कोठा. मोठं नव्हतं काही. पन सकाळी आंगनात सडा पडला का मानूस घराच्या बाहीर आहे का आत, हे समजतच नव्हतं. कोनी आलं त आंगनातूनच ओरडे, अवो आहेस का घरी, अन् उत्तराची वाट न पाहता सपरीत येऊन बसे. दार वाजवायचं असते हे मले रंगूनले जाऊन समजलं.

सासू माही एकटीच होती. मी तिले आत्याबाई म्हनो. सासरा मी यायच्या आधीच गेला, अन् पोरगा एकच, सोम्याचा बाप. सोम्या म्हनजे आता माहा पोरगा, तो तेव्हा झालाच नव्हता, पन मी त्याच नावानं सांगते, नवऱ्याचं नाव घेनं मले अजून जमत नाई, हसू नका. तर सोम्याचा बाप गोंदियाले धानाच्या मिलीत लागला होता, पट्टे चढवनं, चाकं दुरुस्त करनं, हात चांगला होता त्याचा. तिथून कोन्या मुनीमानं सांगतलं का रंगूनले अशा मिली शंभर आहेत, चल. गेला. मोठी लढाई तिकडं कुठं चालू होती त्याच दिवसात गेला, अन् लढाई सरल्यावर आला, हातात छत्री, डोक्यावर टिनाची पेटी.

अन् आल्यावर काय सांगतलं मालूम आहे? याच आंगनात, सारं गाव बसलेलं, म्हने, माहं घर तीन माळ्याचं आहे, पक्क्या इटाचं, नळ दारात, लाईट रस्त्यावर. लोकायचे तोंड उघडेच. पाटील बी उठून बसले. आता खोटं नव्हतं ते. घर तीन माळ्याचंच होतं. पन त्या तीन माळ्यात आमची एक खोली, तेवढं सांगायचं राहून गेलं त्याचं. मानूस परदेशातून येते तेव्हा असं काही काही राहूनच जाते.

मले अन् आत्याबाईले घेऊन जायचं ठरलं. शेत बटईनं दिलं, गायी चुलत सासऱ्याकडं बांधल्या. आत्याबाईनं एकच गोष्ट इचारली, बाबू, तिथं आंगन आहे ना? तो म्हने, माय, सारं आहे, तू चल. मंग तिनं काय केलं, निघायच्या दिवशी सकाळी खुरपं घेतलं अन् ह्या आंगनातली माती खनली, पायलीभर असन, अन् थोडी भिंतीले लावायची पांढरी छुई माती, अन् सारं एका थैलीत भरून तोंड शिवून टाकलं. आमच्या घरची रीत आहे ती मास्तर, नव्या घरी राहाले गेलं का पहिल्या सारवनात जुन्या घरची माती मिसळायची. तिनं तिच्या सासरी तिच्या सासूच्या घरची मिसळली होती. मी म्हनलं, आत्याबाई, तिकडं माती नाई का? तिनं थैलीले आनखी एक गाठ मारली. गोंदियापासून कलकत्त्यापावतर गाडीत अन् मंग जहाजावर चार दिवस, ती थैली तिनं मांडीवरून खाली ठेवली नाई. जहाजावरच्या एका मानसानं इचारलं, बुडीमाय, इसमे सोना है क्या? म्हने, हव.

पोचलो. सोम्याचा बाप पुढं, मी मागं, मधात आत्याबाई. गल्लीच्या दोन्ही बाजूले घरं अशी उभी का आभाळाची पट्टी दिसे नुसती. आत शिरलो त पायऱ्या. पायऱ्या म्हनजे शिडीच, अंधारी, एक मानूस वर जाऊन राहिला त खाली येनाऱ्यानं पाठ भिंतीले लावायची. एक माळा चढलो, दोन चढलो. प्रत्येक माळ्यावर समोरासमोर बंद दारं. आत्याबाई दम घ्याले थांबली अन् म्हने, बाबू, ह्या घरात आपल्याआधी एवढे पाहुने कोन येऊन राहिले? तिसऱ्या माळ्यावर त्यानं कुलूप उघडलं. एक खोली. मागच्या बाजूले एक बोळकं, तिथं चूल, एक खिडकी, अन् खिडकीखाली घानीची गल्ली. आत्याबाई आत गेली, चार पावलं टाकली, भिंत आली, मंग फिरून आली अन् म्हने, बरं, आता घर दाखव.

आता मी खरं सांगू का तुमाले? मले ते घर आवडलं. हे मी गावात कोनाले सांगतलं नाई, सारे समजतात मी तिथं रडत होती. कायची रडत. वीस वर्साची होती मी. पानी भराले बोडीवर जायचं नाई, पावसात कवेलू फेरायचे नाई, साप नाई, विंचू नाई, शेनात हात नाई. रस्त्याकडच्या दुसऱ्या खिडकीत बसलं का खाली सारा रस्ता, बर्मी बाया केसात फुलं घालून जाऊन राहिल्या, चिनी मानूस खांद्यावर दुकान घेऊन हिंडून राहिला. मी टोपली दोरीनं खाली सोडो अन् भाजीवाला त्यात भाजी टाके, अशी मजा. कोनी इचारत नव्हतं आज कायची भाजी केली, पदर काऊन खाली आला. दार लावलं का मी रानी.

आत्याबाईचा ते बंद दारच जीव खाये. ती दार उघडं ठेवे, मी लावो. म्हने, अवो, शेजारी मेलं तरी समजायचं नाई असं. वरती कोनी नव्हतं, आमच्या वर पत्रेच होते, पन खालून आवाज येत. खाली तेलंगी लोकाचं बिऱ्हाड, नवरा बंदरावर हमाल, बाईचं नाव अप्पलम्मा. धिप्पाड बाई, नाकात दोन्हीकडं चमक्या, आवाज असा का दोन गल्ल्या ऐकतीन. तिनं आपल्या दारासमोर पायऱ्यायच्या वळनावर रॉकेलच्या डब्यात मिरचीचं झाड लावलं होतं. आत्याबाई पहिल्याच दिवशी ते पाहून थांबली अन् म्हने, ही बाई शहानी आहे.

अन् दुसऱ्याच दिवशी त्या शहान्या बाईचं अन् आमचं वाजलं. काय झालं, आत्याबाई सकाळीच खाली उतरली, दूधवाल्या भय्याच्या गोठ्यातून शेन मागून आनलं, थैलीतली मूठभर माती त्यात मिसळली, अन् मी झोपेतून उठून पाहते त पोतेरं घेऊन सारवन चालू. तिचं बी काय चुकलं? घर म्हनलं का सारवायचं. भुई फळ्यायची आहे हे तिले दिसत होतं, पन फळ्यायच्या खाली काही नाई, हे तिच्या ध्यानात कसं यावं? तिनं जन्मभर जी भुई पाह्यली तिच्याखाली भुईच होती. बालदीभर पानी ओतलं तिनं. अन् खाली अप्पलम्माचा नवरा जेवाले बसलेला. भातात शेनाचं पानी टपटप.

अरे बापा, ती बाई चढून आली ना वर! तेलगूत काय काय बोलली देव जाने, हातात ते ताट, ताटात तो हिरवा भात. साऱ्या माळ्याची दारं उघडली, तेव्हा मले समजलं आपल्या माळ्यावर एवढे लोक राहतात म्हनून. मंग घरमालकाचा मुकादम आला. म्हने, ये गाँव नहीं है, फिर ऐसा किया तो सामान रस्ते पर. सोम्याच्या बापानं हात जोडले. मले अशी लाज वाटली, अशी लाज वाटली का काय सांगू. माहं ते रानीपन एका सकाळीत गेलं ना.

सारे गेल्यावर आत्याबाई काय म्हने, आज पानी जास्त झालं, उद्या घट्ट करून सारवते. बस. माह्या डोक्यात आग गेली. मी ती थैली उचलली, बोळक्यात गेली, अन् खिडकीतून मागच्या घानीच्या गल्लीत उलटी केली. सारी. आंगनातली बी अन् छुई बी. अन् वरून म्हनलं, घ्या, सारवा आता.

तिनं मले शिवी द्यायले पायजे होती. इथं असती त झाडू घेऊन मागं लागली असती माह्या. ती खिडकीजवळ गेली, वाकून खाली पाह्यलं, मंग पदरानं हात पुसले अन् तांदूळ निवडाले बसली. मास्तर, तीस वर्सं होत आली त्याले. पन ते हात पुसनं माह्या डोळ्यापुढून जात नाई.

मंग तिनं एक सुरू केलं. दुपारी जेवनं झाली का दोन पायऱ्या, चार पायऱ्या करत खाली उतरे अन् अप्पलम्माच्या त्या मिरचीच्या डब्याजवळ बसे. नुसती बसे. बोट घालून माती उकरे, बोटाच्या चिमटीत घेऊन चुरे, परत टाके. मले वाटे आता ती बाई हिले हाकलते. नाई हाकललं. दोन-चार दिवसानं पाह्यलं त अप्पलम्मा बी दार उघडं टाकून उंबऱ्यात बसलेली, सुपात काही पाखडून राहिली. हिले तिची भाषा नाई, तिले हिची नाई. ही आपल्या झाडीबोलीत बोले, ती तेलगूत, अन् दोघी मान हालवत. मी वरून पाहो अन् मनात म्हनो, बरं झालं, माह्या मागची पीडा गेली. असंच म्हनो. खोटं कायले सांगू.

वर्सभर गेलं असन. आत्याबाईले ताप धरला. डॉक्टरनं बाटली दिली, उतार पडे, परत चढे. एका सुट्टीच्या दिवशी, मिल बंद होती म्हनून सोम्याचा बाप घरीच होता, भर दुपारी तिनं डोळे उघडले अन् साफ आवाजात म्हनलं, बाबू, भुईवर घे मले.

तुमी इथलेच, तुमाले सांगाले नको. मानूस जायले लागलं का बाजेवर ठेवत नाई आपन, सारवलेल्या भुईवर घेतो. सासऱ्याले ह्याच सपरीत घेतलं होतं, तिनंच सारवून. तर आमी तिले बाजेवरून उचललं अन् फळ्यायवर चटई टाकून निजवलं. सोम्याचा बाप म्हने, घेतलं माय, भुईवर आहेस. तिनं चटईच्या बाहीर हात काढला अन् तळव्यानं फळी थापटली. ठक ठक. पोकळ. मान हालवली. म्हने, हे भुई नाई होय रे. ह्याच्या खाली लोकं जेवून राहिले.

तो माह्याकडं पाहे, मी त्याच्याकडं. त्यानं मले इचारलं, मायनं माती आनली होती ना घरची? कुठं आहे ती थैली? आंथर चटईखाली. त्याले मालूम नव्हतं मास्तर. मी फेकली तेव्हा तो मुकादमाच्या मागं खाली गेला होता, अन् आत्याबाईनं पोराजवळ तोंडातून सबूद काढला नव्हता. मी म्हनलं, नाई ती. तो म्हने, नाई म्हनजे? मी म्हनलं, म्या फेकली. तेव्हा बी तिले ऐकू येत होतं. डोळे मिटून होती, पन ऐकत होती.

तो वाकला, मायले दोन्ही हातावर घेतलं, म्हने, चल माय, खाली नेतो. मी म्हनायले पायजे होतं, नको, राहू द्या. खाली तरी कुठं भुई होती? गिट्टीची सडक अन् दगडाची नाली. पन मी कोनत्या तोंडानं म्हनू? मी पुढं झाली, तिचे पाय धरले, अन् त्या शिडीसारख्या पायऱ्या उतराले लागलो. वळनावर ती मावे नाई. एकदा तिचं डोकं भिंतीले लागलं, तो ओरडला, धर ना नीट. मी धरूनच होती. अन् अप्पलम्माचं दार चार पायऱ्या राह्यलं त माह्या हातातले पाय एकदम जड झाले.

दार उघडंच होतं तिचं. ती धावत बाहीर आली. तिले काही सांगावं लागलं नाई, कोनत्या भाषेत सांगनार होतो आमी? तिनं एकदा आत्याबाईच्या तोंडाकडं पाह्यलं, अन् तो मिरचीचा डबा दोन्ही हातानं उचलला अन् तिथंच फळ्यायवर उलटा केला. झाडासगट. भरात आलेलं झाड होतं जी, हिरव्या मिरच्या तुटून पायऱ्यायवरून खाली घरंगळत गेल्या. तिनं हातानं माती पसरवली, मुळं बाजूले फेकली, अन् आमाले हातानं इशारा केला, ठेवा. डोकं अन् खांदे टेकतीन एवढीच झाली ती माती. आमी ठेवलं तिले त्याच्यावर. अप्पलम्मानं तिचा तळवा धरून मातीवर पालथा ठेवला.

सोम्याचा बाप मरेपावतर म्हने, माय मातीवरच गेली, मातीवर टेकल्यावर श्वास सोडला तिनं, म्या पाह्यला. मी हव म्हनो. पन पाय माह्या हातात होते. ती चार पायऱ्या वरच गेली होती, ना वर ना खाली, लोकायच्या जिन्यात. हे मी आज तुमाले सांगून राह्यली, त्याले कधी सांगतलं नाई. अन् पायलीभर माती, मास्तर. पायलीभर माती मी ठेवली असती एका कोपऱ्यात त काय खोली भरून जानार होती?

मंग माहं मन त्या घरात लागलं नाई. खिडकीत बसनं सुटलं. अप्पलम्माले मी नवा डबा अन् माती आनून दिली, मिरचीचं रोप बी. तिनं लावलं. पन मी बाजूनं गेली का माहे पाय तिथं अडत. पुढच्या सालीच आमी परत आलो. सोम्याचा बाप परत गोंदियाच्याच मिलीत लागला, पोरं झाली, शेत बटईतून परत घेतलं. लोक अजून त्याले रंगूनवाला म्हनत. मागं त्या जपान्यायनं रंगूनवर बाँब टाकले अन् लोक जंगलातून चालत चालत आले म्हनून ऐकलं, तेव्हा मी अप्पलम्माची आठवन काढली. कुठं गेली असन, कोन जाने. दोन वर्सं झाली सोम्याचा बाप बी गेला. त्याले मी वेळेच्या आधीच भुईवर घेतलं, एवढी घाई केली का तो डोळे उघडून म्हने, अवो, थांब जरा, मी आहे अजून.

आता हे घर पोराचं. सोम्या ठेकेदाराकडं कामाले आहे, सडकेच्या. आता राज बी आपलं आलं, झेंडा बदलला, शाळेत तुमी लाडू वाटले. सोम्याच्या मनात आलं का घराले बी फरशी घालावी. सपरी, माजघर, आंगनाचा बी अर्धा भाग. मी नाई म्हनलं नाई. सून रोज शेनात हात घालून कंटाळली, तिचे हात मी पाहते ना. फरशी चांगलीच. पुसली का झालं. मी म्हनलं, घाल बाबू, पन सपरीत ह्या बाजूले मले एक तुकडा सोड. तो हसाले लागला, म्हने, माय, मधातच खड्डा दिसन, लोक काय म्हनतीन. म्या त्याले आजीची गोष्ट सांगतली नव्हती कधी.

सुनेनं इचारलं, केवढा पायजे आत्याबाई? मी इथं आडवी झाली. तिनं माह्या डोक्याजवळून पायापावतर कोळशानं रेघ मारली. मी म्हनलं, वीतभर जास्त घे वो, पाय अखडून निजायची सवय नाई माही. ती हसली, मंग हसता हसता तिच्या डोळ्याले पानी आलं. पोरीले समजलं का नाई मालूम नाई, पन वीतभर जास्त घेतलं तिनं, अन् मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून तेवढी जागा सोडवली. आता साऱ्या घराची फरशी पुसते अन् एवढा तुकडा तेवढा रोज सारवते.

झालं का लिहून? चहा घेऊन जा, सून ठेवून राहिली. तुमी आज ना उद्या नागपूरले जान बदली होऊन, तिथं म्हनते आता एकावर एक घरं बांधून राहिले. जा बापा, सुखानं राहा, तुमच्या लेकराबाळायले चांगलं घर मिळो, नळाचं, लाईटचं. फक्त मायबापाले वर नेऊ नका, नाई त एक डबा मातीचा ठेवा.

मी दुपारी इथंच निजते. बाज नाई घेत. अन् निजन्याच्या आधी एकदा हातानं थापटून पाहते. आवाज येत नाई.